खुला दिवस, प्रयोगशाळा चार

आत या. दाराशी घुटमळू नका.
हा घों घों आवाज पंख्यांचा, यंत्रं तापतात म्हणून.
दहा मिनिटांत तो ऐकू येईनासा होईल,
वीज गेली की मग कळेल केवढा होता.

मी अडोंगो. इथली तंत्रज्ञ.
प्राध्यापक खाली सभागृहात फी समजावताहेत,
मी तारा दाखवते.

ही केबल सोला. आत आठ जणी, जोडीजोडीने पिळलेल्या:
नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी,
प्रत्येकीला एक पांढऱ्या पट्ट्याची बहीण.
क्रम चुकला तर काही जळत नाही, ठिणगी उडत नाही,
फक्त पलीकडचा दिवा लागत नाही.
दातांनी नको, वान्यामा. चिमटा तिथे आहे.

खिडकीतून दिसतं ते सरोवर, जलपर्णीने अर्धं हिरवं.
तुमच्यातल्या निम्म्यांच्या घरी जाळी वाळत असतील;
डुंगाच्या किनाऱ्यावर माझी आईही विणायची.
तेव्हा जाळं म्हणजे काय, ते सांगत नाही.
एवढंच, की ते जाळं धरतं
आणि हे पोचवतं.
धरणारे मध्ये कुठेतरी बसलेले असतात,
खुर्ची टेकवून, चहा पीत.

इथपर्यंतचं मला पाठ आहे.
सात वर्षं, दर फेब्रुवारीत, विरामांसकट.
मग खेळ: एक खोटं लॉगिन पान, कुलूप नसलेलं.
कुणीतरी पुढे यावं, मनाला येईल तो पासवर्ड टाकावा,
मी तो वाटेत उचलून पडद्यावर टांगावा.
पोरं हसतात. कुणाचा एक-दोन-तीन-चार,
कुणाचा फुटबॉल क्लब,
एकाचा तर मुख्याध्यापकांचं टोपणनाव.

यंदा शेवटच्या रांगेतून आली नेरिया अविनो.
शाळेचा जांभळा स्वेटर, कोपरावर वेगळ्याच जांभळ्याचं रफू.
मनाला येईल तो, असं मीच म्हणाले होते.
पॅकेट आलं. मी उघडलं.
भिंतभर, आमच्या लुओ भाषेत, मध्ये जागा न सोडता:
बाबापरतया
आणि पुढे एक साल.

त्या साली किती होड्या आल्या नाहीत
हे या गावात कुणी कुणाला विचारत नाही.
मला प्रोजेक्टरचं बटण सापडेना.
मी वायरच उपटली.

ती खाली बसली नाही.
"हे आणखी कुणाला दिसतं?"
मी सुरू झाले: या टेबलावरून, त्या स्विचवरून,
कुलूप असतं तर नुसता भुसा दिसला असता...
"इथलं नाही हो. बस थांब्याजवळच्या कॅफेत.
काकांच्या फोनवर. दोन वर्षं मी हेच टाकतेय."

मला खरं सांगावं लागलं.
बहुतेक ठिकाणी कुलूप असतं, म्हटलं,
पण तिथे होतं की नाही, मला माहीत नाही.

ती पुढच्या रांगेतली खुर्ची ओढून बसली.
"मग ते कसं बनतं, ते दाखवा."
वान्यामाने तिच्याकडे चिमटा सरकवला,
कशासाठी, त्यालाच ठाऊक.

आणि वीज गेली.
केवढी शांतता. खालून माईकशिवाय ओरडणारे प्राध्यापक,
बॅटरीची टुक टुक, लांबवर एक इंजिनाची होडी.
मोबाइलच्या उजेडात मी फळ्यावर दोन माणसं काढली,
मध्ये कान टवकारलेला तिसरा,
आणि उघड्यावर बोलूनही त्या दोघांचं गुपित कसं ठरतं
ते तीनदा चुकून, चौथ्यांदा नीट सांगितलं.
कोण कोण उठून गेलं, दिसलं नाही.

जाताना ती दाराशी थांबली.
"आता नवा काय ठेवू?"
मला सांगू नकोस, मी म्हणाले.

तेवढ्यात दिवे आले, पंखे गरगरले.
तिचे ओठ हलले,
मला ऐकू आलं नाही.